कशेडीतलं शेवटचं रीळ

सदा,

वहिनींचं कार्ड आलं तेव्हा मी थिएटरच्या केबिनमध्ये बसून आदल्या खेळाचं रीळ उलटं गुंडाळत होतो. पोस्टमननं खालूनच हाक मारली. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचण्याआधीच काय ते कळलं. नाव तुझं असेल असं मात्र वाटलं नव्हतं. वाचून झालं, कार्ड खिशात घातलं आणि उरलेलं रीळ पुरतं गुंडाळलं. दुसरं काय करावं ते सुचेना.

आपल्या शाळेत तुझ्यासाठी सभा झाली. तुझा जन्म वरंधचा, शिक्षण महाडात, पुढे मुंबई, मग देशभर कुठं कुठं फिरलास, सगळं कागदावरून वाचून दाखवलं. मला बोलायला सांगितलं. मी उठलो आणि "सदा चांगला मुलगा होता" एवढं बोलून खाली बसलो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला मुलगा म्हटलं म्हणून पुढच्या रांगेत दोघंतिघं हसले. तूही हसला असतास. म्हणून जे तिथे बोलायचं राहिलं ते इथे लिहितोय. तुझ्याशी, आणि थोडं तुझ्या विरुद्धही.

आपलं काम एकाच दोरीच्या दोन टोकांचं. मुख्य चित्रपटाच्या आधी तो दहा मिनिटांचा वार्तापट लागतो ना, त्यातली चित्रं काढणारा तू आणि महाडच्या पत्र्याच्या थिएटरात ती पडद्यावर टाकणारा मी. तुझं चित्र मुंबईत लागायचं, मग पुण्यात, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून झिजत झिजत तीन-चार महिन्यांनी माझ्याकडे यायचं. तोवर त्यातला पूर ओसरलेला असायचा आणि पुलाचं उद्घाटन होऊन त्यावर खड्डेही पडलेले असायचे. तरी खाली तुझं नाव नसतानाही तुझा तुकडा कोणता ते मी ओळखायचो. दुसऱ्यांच्या चित्रांत माणसं कॅमेऱ्यासाठी काहीतरी करत असत. तुझ्या चित्रांत ती आपापलं काम करत असत.

तुला आठवतं, एकदा श्रावणात तू सुट्टीवर आलास आणि माझ्याबरोबर केबिनमध्ये बसलास. बाहेर पाऊस, आणि पत्र्यावर असा ताशा वाजतोय की पडद्यावरचं एक अक्षर कुणाला ऐकू येईना. तू भोकातून खाली बघत होतास. लोक नुसतं चित्र बघून हसत होते, मध्येच शेजाऱ्याला विचारत होते. तू म्हणालास, "गण्या, हीच खरी परीक्षा रे. या पावसात ज्याचं चित्र कळलं, त्यालाच चित्र काढता येतं." तेव्हापासून तुझा प्रत्येक तुकडा मी पहिल्या खेळाला मुद्दाम आवाज बंद करून बघायचो. हे तुला कधी बोललो नाही.

आता कशेडीचं बोलू. आठ वर्षं आपण त्यावरून भांडलो. कधी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून, कधी पत्रातून, आणि एकदा तर भर बाजारात. ते भांडण संपवायच्या आधीच तू निघून गेलास, हे काही बरं केलं नाहीस.

आषाढातली गोष्ट. कशेडी घाटात दरड कोसळली होती. आमच्या पुढच्या चित्रपटाची पेटी चिपळूणहून एस.टी.नं येत होती आणि ती एस.टी. दरडीच्या पलीकडे अडकली होती. थिएटरचे शेठ म्हणाले, "जा, डोक्यावरून आण, पण पेटी आण." मी छत्री घेऊन निघणार तोच तू दारात. मुंबईहून ट्रकमधून आलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्याला तो चावीचा कॅमेरा आणि ताडपत्रीच्या पिशवीत पाच रिळं. कचेरीनं तुला दरडीचं चित्रण करायला पाठवलं होतं. आपण पोलादपूरपर्यंत एस.टी.नं आणि तिथून खडीच्या ट्रकमधून घाटात गेलो.

डोंगराचा एक अख्खा तुकडा रस्त्यावर येऊन बसला होता. अलीकडे ट्रक, पलीकडे ट्रक, त्यांच्या मागे दोन एस.ट्या. मजूर फावडी चालवत होते. मी पिशवी धरून उभा राहिलो, म्हटलं आता हा कॅमेरा काढील. तू काढलाच नाहीस. दीडेक तास नुसता फिरलास. कुणाकडे तंबाखू मागितलीस, कुणाला गाव विचारलंस, एका क्लीनरबरोबर ट्रकखाली बसून चहा प्यायलास. मी वैतागलो.

"अरे, काम कधी करणार?"

"चाललंय की," तू म्हणालास. "त्यांना माझा कंटाळा येऊ दे. मग ते माझ्याकडे बघायचे थांबतील."

खरोखरच थांबले. मग तू काढायला लागलास, तेही थोडं थोडं. एका रिळात जेमतेम मिनिटभराचं चित्र मावायचं आणि दर काही सेकंदांनी चावी द्यावी लागायची. बांधकाम खात्याचे साहेब आले आणि म्हणाले की मजुरांना ओळीत उभं करतो, सगळ्यांनी एकदम फावडं उचललं की चांगलं दिसेल. तू त्यांनाही दुखावलं नाहीस. ओळीतलं ते चित्र पाच सेकंद घेतलंस आणि साहेब वळल्यावर मजूर फावडी टेकवून एकमेकांकडे बघून हसले, ते घेतलंस. पुढे वार्तापटात ते हसणंच लागलं.

संध्याकाळपर्यंत चार रिळं संपली. तेवढ्यात पोलादपूरहून माणूस तुला आलेली तार घेऊन आला. उद्या सकाळी मुंबईहून मोठे साहेब पाहणीला येणार, त्यांच्यासाठी एक रीळ राखून ठेव, असं कचेरीनं कळवलं होतं. तू तार वाचून खिशात घातलीस.

आणि मग ठकूबाई दिसली.

दरडीच्या वरच्या अंगाला धनगरांची वाडी आहे. तिचा गोठा त्या दरडीखाली गेला होता. तीनपैकी दोन म्हशी आत होत्या. चिखलाच्या काठाला ती उकिडवी बसली होती, पदर तोंडात धरून रडत होती. आवाज नव्हता, नुसती पाठ हलत होती. उतरत्या उन्हाची एक तिरीप ढगातून नेमकी तिच्यावर पडली होती. मला चित्रातलं काय कळतं, पण एवढं मलाही कळलं. मी तुला कोपरानं ढोसलं. "घे, सदा, घे. हे रीळ यासाठीच राहिलंय."

तू कॅमेरा कठड्यावर ठेवलास. माझ्या हातात नाही, कठड्यावर. तिच्याजवळ गेलास आणि बाजूला बसलास. तुमचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. पंधरा-वीस मिनिटं तू बसला होतास. ऊन गेलं. मी कठड्यापाशी उभा राहून मनातल्या मनात तुला शिव्या देत होतो.

रात्र आपण खडीच्या ट्रकमध्येच काढली, दरड ओलांडून पेटी आणायची ती उजाडल्यावरच. दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडता उजाडता ठकूबाई वरून उतरली. डोक्यावर दुधाची कासंडी. उरलेल्या म्हशीचं दूध ती पलीकडच्या एस.टी.तल्या पोरांना द्यायला निघाली होती. रात्रभर उपाशी होती ती पोरं. दरडीवरून चालत जायचं म्हणजे पाऊल कुठं रुतेल त्याचा भरवसा नाही. मी पुन्हा तुला हलवलं. तू पुन्हा कॅमेरा उचलला नाहीस. नुसता बघत राहिलास, ती कुठून चढते, कुठं थांबते, कोणत्या दगडावर पाय देते.

"गेली ती," मी म्हटलं. "आता?"

"परत येईल."

"कशावरून?"

"दोन गाड्या आहेत, गण्या. एका कासंडीत एकीचंच भागेल. शेजारणींकडचं घेऊन येईल."

तासाभरानं ती दुसरी कासंडी घेऊन आली. आणि तू कुठं उभं राहायचं ते तोवर तुला माहीत झालं होतं. आधी लांबून घेतलंस, एवढ्या मोठ्या चिखलात एक ठिपका हलतोय. मग तिच्या मागोमाग दरडीवरून चालत तिचे पाय. मग पलीकडे वाट बघणारी पोरांची तोंडं, खिडकीच्या गजांना चिकटलेली. डोक्यावर काय आहे ते अजून बघणाऱ्याला माहीत नाही. आणि शेवटी एका पोराच्या ओठांवर दुधाची मिशी. कुणाला काही सांगितलं नाहीस, कुणाला परत चालायला लावलं नाहीस. मिनिटभरात सगळं, आणि शेवटचं रीळ संपलं.

दहा वाजता मोठे साहेब आले. मोटारीतून उतरले, टोपी सारखी केली आणि तुझ्याकडे बघून उभे राहिले. तू रिकाम्या कॅमेऱ्याला चावी दिलीस आणि चेहऱ्यावरची रेषाही न हलू देता तो चालवलास. घर्र घर्र घर्र. साहेबांनी दरडीकडे बोट दाखवलं, तू घर्र. साहेबांनी मजुराच्या पाठीवर हात ठेवला, तू घर्र. मी छत्री उघडून तिच्यामागे तोंड लपवलं. त्या दिवशी मी पेटी डोक्यावर घेऊन दरड ओलांडली ती हसू दाबत. पाय घसरला असता तर आमचा अख्खा चित्रपट चिखलात गेला असता.

त्याचं पुढं काय झालं ते तू मला नंतर सवच्या कुंडावर सांगितलंस. कचेरीत जाब विचारला, तेव्हा तू सरळ खरं ते सांगून टाकलंस. सहा महिने तुला चित्रणावरून काढून जुनी रिळं पुसायच्या खोलीत बसवलं. मला वाटलं तू खचशील. तू म्हणालास, "बरंच झालं रे. दुसऱ्यांनी काढलेलं सगळं बघायला मिळालं. चांगलं कुठलं आणि नुसतं नीटनेटकं कुठलं, ते आता डोळे मिटूनही सांगेन." शिक्षा झाली की माणूस कडू होतो. तू त्यातून जाडजूड वही भरून टिपणं घेऊन बाहेर आलास. तुझ्या या आनंदी स्वभावाचा मला कधीकधी रागही यायचा.

ते चित्र महाडला आलं तेव्हा भाताची कापणी उरकली होती. मी वाडीत निरोप धाडला. ठकूबाई आणि तिच्याबरोबर नऊ-दहा माणसं दिवसाच्या खेळाला आली. शेठनी त्यांना फुकट बसवलं. इथे मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. मी तुला पत्रात लिहिलं होतं की थिएटरात टाळ्यांचा कडकडाट झाला. तसं काही झालं नव्हतं. मी खोटं लिहिलं, तू रिळं पुसत बसला होतास म्हणून. खरं सांगू? एकही टाळी वाजली नाही. निवेदक 'कोकणची शूर कन्या' की काय ते ओरडायला लागला, तसा मी आवाज बंद केला. आणि थिएटर गप्प झालं. खाली एकजण बिडी पेटवत होता, त्याच्या हातातली काडी तशीच जळत राहिली. पोराच्या ओठांवर दूध दिसलं तेव्हा बायकांच्या बाजूनं एक लांब श्वास ऐकू आला. तेवढंच. टाळ्यांपेक्षा ते मोठं होतं, पण पत्रात कसं लिहायचं ते मला येईना, म्हणून टाळ्या लिहिल्या.

ठकूबाई खेळ संपल्यावर केबिनच्या जिन्यापाशी आली. म्हणाली, "परत लाव रे." मी परत लावलं. ती पुढे जाऊन अगदी पडद्यापाशी उभी राहिली आणि काहीतरी शोधल्यासारखी बघत होती. मग निघून गेली.

आणि आपलं भांडण तिथून सुरू झालं. माझं म्हणणं, तू तिला रडताना काढायला हवं होतंस. लोकांनी धीट बाई बघितली, दूध बघितलं, वाहवा केली. तिचं काय गेलं ते कुणाला कळलंच नाही. तिला एक पै मदत मिळाली नाही. तुझं म्हणणं, तिचं रडणं तिचं, ते उचलून न्यायचा मला काय हक्क. मी म्हणायचो, मग दूध उचलून न्यायचा होता? तू म्हणायचास, दूध ती द्यायलाच निघाली होती. मी म्हणायचो, तू स्वतःच्या चांगुलपणाच्या प्रेमात आहेस. त्यावर तू एकदा दोन महिने पत्र पाठवलं नाहीस. मग एक कार्ड आलं, त्यावर एकच ओळ. "असेनही."

तुझं शेवटचं मोठं पत्र दिल्लीहून आलेलं. तिथे तू टेलिव्हिजन बघून आला होतास. लिहिलं होतंस, "गण्या, खोलीत ठेवलेल्या पेटीत बातम्या दिसतात रे! हे आपल्याकडे आलं की सकाळी पडलेली दरड संध्याकाळी वरंधला माझ्या आईला ओट्यावर बसून दिसेल. तुझ्या पेटीची तीन महिने वाट बघायला नको. पण मला एकच धास्ती वाटते. संध्याकाळी दाखवायचं असेल तर ठकूबाईच्या दुसऱ्या खेपेची वाट बघायला कोण थांबेल?" ते पत्र मी शाळेच्या सभेत वाचायला नेलं होतं. खिशातच राहिलं.

तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी कशेडीला गेलो. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. घाटातून वर वाडीला जायची पायवाट आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, चार ठिकाणी बसलो. ठकूबाई अंगणात गोवऱ्या थापत होती. केस पिकलेत, पण पाठ अजून ताठ आहे. मी सांगितलं.

"कोन, तो फोटूवाला सदा?" तिनं हात धुतले आणि माझ्या समोर येऊन बसली. "लेकरं बारकी हायत का रे?"

"दोन आहेत. मोठी मुलगी मॅट्रिकला आहे."

ती उठली. मग आत जाऊन पेलाभर दूध घेऊन आली. "जाताना बोलला होता, म्हातारपनी भेटायला येईन म्हनून. त्या दिवशी माज्या बाजूला बसला तवा काय बोलला म्हाईत हाय? बोलला, माज्या आईची बी एक म्हस कड्यावरनं गेली होती, तिनं आठ दिस भाकर खाल्ली नाय. दुसरं कायबी बोलला नाय. बसून रायला."

आठ वर्षं मला पडलेलं कोडं असं सुटलं. वीस मिनिटांत तू एवढंच बोललास. दूध पिता पिता मी तिला आपल्या भांडणाची गोष्ट सांगितली. तुझी बाजू सांगितली, माझी सांगितली. जरा माझी जास्तच जोरात सांगितली. ती ऐकत होती आणि तिच्या तोंडावर हसू येत होतं.

"आठ वर्सं तुमी दोगं माज्या रडन्यावरनं भांडलात?"

"हो."

"आन् मला कुनी इचारलं नाय."

सदा, खरंच रे. आपण दोघांनी तिला कधीच विचारलं नाही. वाडीकडे वाट वाकडी न करता मी दहा वेळा तरी घाटातून गेलो असेन.

"मग आता विचारतो," मी म्हटलं. "रडताना काढलं असतं तर चाललं असतं?"

"रडतानाचं नको रे बाबा. परक्या मानसांनी माजं तोंड कशाला बघावं." मला वाटलं तू जिंकलास. तोच ती म्हणाली, "पन शिंग काढायला पायजे होतं."

"कसलं शिंग?"

"माज्या म्हशीचं. सगळी गाडली ती, पन एक शिंग वर रायलं होतं चिखलातनं. एवढं." तिनं वीतभर हात दाखवला. "त्येच्याकडं बघून मी रडत होते. थेटरात तेच हुडकत होते, कुठंतरी दिसंल म्हनून. तेवढं काढलं असतं तर समद्यांना कळलं असतं माजं काय गेलं. माजं तोंड बी दिसलं नसतं." तिनं माझ्या हातातला पेला काढून घेतला. "तुमी दोगं माज्याकडंच बघत होतात रे. मी कुठं बघत्ये, ते कुनी वळून बघितलं नाय."

चित्रं काढण्यात तुझी पंचवीस वर्षं गेली, ती दाखवण्यात माझी. आणि वाडीतल्या अंगणात बसून गोवऱ्या थापणाऱ्या बाईनं आपल्या दोघांना पहिल्या इयत्तेत नेऊन बसवलं. वाईट वाटायला हवं होतं, पण उतरताना मला सारखं हसू येत होतं. घाटात एका ट्रकवाल्यानं विचारलंही, "काय मामा, लॉटरी लागली का?"

हे तुला पत्रात लिहिलं असतं तर तू कार्ड पाठवत बसला नसतास, पुढच्या एस.टी.नं आला असतास. मला ओढत वर वाडीला नेलं असतंस, कॅमेरा कुडाच्या खुंटीला टांगून ठेवला असतास, आणि ठकूबाईच्या अंगणात, ती जिकडे बघेल तिकडे बघत, दिवसभर बसला असतास.

तुझा,
गण्या